खडकवेधन यंत्रातील चक फिरविणारी स्वतंत्र मोटर-यंत्रणा : सोलापूरच्या कातळाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याचा जवळजवळ सर्व भूभाग दक्खनच्या ट्रॅप खडकावर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून हा बेसाल्ट खडक तयार झाला. वर काळी जमीन, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ ही येथील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची रचना होय. त्यामुळे या जिल्ह्यात पाणी शोधणे म्हणजे बहुतेक वेळा कातळ वेधणे असते. पूर्वी हे काम पहार, घण आणि सुरुंगाने होत असे. आज बोअरची गाडी ते काही तासांत करते.

बोअर चालू असताना जो प्रचंड आवाज ऐकू येतो तो आघाताचा असतो. परंतु त्याच वेळी, फारसा आवाज न करता, दुसरी एक क्रिया चालू असते. खडकात उतरलेले पाते, म्हणजे ज्याला कारागीर ‘बिट’ म्हणतात ते, प्रत्येक आघातागणिक थोडे थोडे फिरत असते. आघाताने दगड फुटतो हे कोणासही सहज पटते. फिरकीची आवश्यकता मात्र चटकन ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात या फिरकीचा, विशेषतः तिच्यासाठी बसविलेल्या स्वतंत्र मोटरचा विचार केला आहे. फिरकी आघातापासून वेगळी केल्याने यंत्राची कार्यक्षमता वाढली, हे पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असतेच. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. फिरकी किती ठेवावी हा निर्णय, जो पूर्वी यंत्राच्या रचनेतच गोठलेला होता, तो यंत्र चालविणाऱ्याच्या हाती आला. आपल्या भागात बोअरची मजुरी फुटावर ठरते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लेख अभियांत्रिकीबाहेरील प्राध्यापक-वाचकांसाठीही असल्याने गणित जरुरीपुरतेच घेतले आहे.

हाताने दिलेली फिरकी

यंत्राकडे वळण्यापूर्वी वडार समाजातील कारागिरांच्या जुन्या पद्धतीकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण यंत्राने जे केले त्याचा संपूर्ण आराखडा त्या पद्धतीत आहे. सुरुंगासाठी भोक पाडताना एक जण दोन्ही हातांनी पहार उभी धरीत असे आणि दुसरा, किंवा दोघे आळीपाळीने, तिच्या माथ्यावर घण घालीत. बघणाऱ्याचे लक्ष घण मारणाऱ्याकडे जाई. प्रत्यक्षात कौशल्याचे काम पहार धरणाऱ्याचे होते. प्रत्येक घाव पडून पहार किंचित उसळली की त्या निमिषात तो ती थोडी फिरवीत असे. पुढचा घाव मग नव्या जागी पडे.

ही फिरवाफिरव थांबली तर काय होईल? पहारेची धार पुन्हा पुन्हा त्याच चरीत पडेल, चर खोल होत जाईल आणि धार तिच्यात पाचरीसारखी रुतून बसेल. भोक गोल होणार नाही, भुगा बाहेर येणार नाही आणि शेवटी पहार काढण्यासाठीच घण वापरावे लागतील. उलटपक्षी, पहार एकदम फार फिरविली तर दोन चरींच्या मध्ये दगडाची वरंबे राहतात व ती फोडण्यात पुढचे घाव वाया जातात. नेमके किती फिरवावयाचे हे पहार धरणाऱ्याच्या मनगटास ठाऊक असे. दगड बदलला की ते मनगट आपोआप आपले प्रमाण बदलीत असे. यंत्राला हे शिकविण्यास बराच काळ लागला.

आघातावर चालणारी फिरकी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाबलेल्या हवेवर चालणारी खडकवेधन यंत्रे आली. आल्प्स पर्वतातील मॉन्ट सेनिसच्या बोगद्यात १८६१ पासून अशी यंत्रे वापरण्यात आली. त्याच सुमारास आपल्याकडे बोरघाटातील लोहमार्गाचे बोगदे हातानेच खोदले जात होते. तो घाट १८६३ मध्ये पूर्ण झाला. सुरुवातीच्या यंत्रांत पोलादी सळई थेट पिस्टनला जोडलेली असे व पिस्टनबरोबर पुढेमागे धावे. पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेतील डेन्व्हर येथील जॉर्ज लेनर यांच्या यंत्राने निराळी पद्धत रूढ केली. तीत सळई एका जागी धरून ठेवलेली असते व मोकळा पिस्टन तिच्या मागच्या टोकावर हातोड्यासारखा आदळतो. सळई धरून ठेवणारा जो भाग, तो चक. सळई फिरवावयाची तर चक फिरविला पाहिजे, असा प्रश्न येथून स्पष्टपणे पुढे आला.

त्याचे पहिले यशस्वी उत्तर म्हणजे रायफल बार. विहिरीच्या कामावर ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर जो हातातला जॅकहॅमर चालतो, त्यात ही यंत्रणा असते. पिस्टनच्या डोक्यात मळसूत्री खाचांचे एक नट असते आणि त्यातून तशाच मळसूत्री खाचांचा एक दांडा, रायफल बार, गेलेला असतो. या दांड्याच्या मागच्या टोकाला रॅचेट व खिळी बसविलेल्या असतात. पिस्टन पुढे जात असताना रॅचेट मोकळे असते. दांडा स्वतःभोवती फिरतो, पिस्टन सरळ जातो आणि पूर्ण शक्तीनिशी सळईवर आदळतो. पिस्टन मागे येऊ लागला की खिळी अडकतात. आता दांडा फिरू शकत नाही, म्हणून मळसूत्राच्या पिळाने पिस्टनलाच फिरावे लागते. पिस्टनच्या पुढच्या भागावरील सरळ खाचा चकमध्ये गुंतलेल्या असल्याने पिस्टनबरोबर चक फिरतो व चकमधील षट्कोनी भोकात बसलेली सळईही फिरते. घाव घालताना सरळ जाणे आणि परतताना फिरविणे! वडाराच्या पहारेचेच तंत्र येथे पोलादात उतरले आहे. इतक्या थोड्या भागांत इतके काम करणारी यंत्रणा क्वचितच आढळते, आणि म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ती टिकून आहे.

मात्र तिच्या मर्यादा तिच्या रचनेतच आहेत. समजा, जॅकहॅमरचे मिनिटाला २००० आघात होतात व सळईचे २०० फेरे होतात. म्हणजे एका फेऱ्यात दहा आघात, दर आघाताला ३६ अंश. हे प्रमाण मळसूत्राच्या पिळाने एकदा ठरले की ठरले. हवेचा दाब वाढविला तर आघात आणि फेरे दोन्ही वाढतात. एकच वाढविता किंवा कमी करता येत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. फिरकीसाठी लागणारा जोर पिस्टनच्या परतीच्या धावेतून घेतलेला असतो. सळई भेगेत अडकली की पिस्टनला परत येणे जड जाते आणि आघातही मंदावतो. नेमक्या ज्या क्षणी फिरकीची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ती दुबळी होते. शिवाय हातात धरलेल्या यंत्रात अडकलेली सळई फिरली नाही तर यंत्र फिरू पाहते. वीस-पंचवीस किलोच्या यंत्राचा तो हिसका कामगाराच्या मनगटाला व खांद्याला बसतो. विहिरीवर काम केलेल्या कोणासही हे वेगळे सांगावे लागत नाही.

स्वतंत्र मोटर

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या भोकांची व चाकांवरील किंवा पट्ट्यांवरील यंत्रांची गरज वाढली, तेव्हा चक फिरविण्याचे काम पिस्टनकडून काढून घेऊन वेगळ्या मोटरकडे सोपविण्याची रचना सर्वत्र स्वीकारली गेली. या मोटरचे काम वर्णनास सोपे आहे. यंत्राच्या बाजूला किंवा मागे हवेवर अथवा तेलाच्या दाबावर चालणारी एक लहान मोटर असते. तिच्या दांड्यावरील लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मधल्या चाकांमार्फत चकभोवती बसविलेल्या मोठ्या दातेरी चाकाला फिरविते. मोटर वेगाने पण हलक्या पिळाने फिरते, चक सावकाश पण भारी पिळाने. फेऱ्यांचे हे रूपांतर गिअरच्या टप्प्यांत होते.

खरी युक्ती चकच्या आत आहे. फिरविणारा भाग आणि आघात सोसणारा भाग एकमेकांना स्पर्श तर करीत असले पाहिजेत, परंतु आघाताचा हादरा गिअरपर्यंत पोहोचता कामा नये. अन्यथा दाते तुटतील. यासाठी सळईच्या मागे जोडलेल्या शँकवर लांबीच्या दिशेने सरळ खाचा पाडलेल्या असतात व चकच्या आतील तशाच खाचांत ती बसते. फिरण्याच्या दिशेने शँक चकला घट्ट बांधलेली, पण पुढेमागे सरकण्यास मोकळी असते. आघात तिला पुढे ढकलतो, चक तिला फक्त फिरवितो. दोन्ही क्रिया एकाच पोलादी तुकड्यावर एकाच वेळी होतात आणि तरी एकीचा भार दुसरीवर पडत नाही. या खाचा झिजल्या की शँक चकमध्ये खडखडू लागते, आघात तिरपा बसतो आणि पिस्टनचा मुखभाग चिपतो. त्यामुळे हवेबरोबर तेलाचा तुषार या भागापर्यंत पोहोचणे अत्यावश्यक असते. अनेकदा महागड्या पिस्टनच्या नाशाचे मूळ चकमधील स्वस्त बुशमध्ये सापडते.

मोटर वेगळी झाल्याने तीन गोष्टी साध्य झाल्या. आघात न बदलता फिरकी कमीजास्त करता येऊ लागली. आघात थांबला तरी फिरकी चालू ठेवता येऊ लागली. अडकलेली सळई सोडविण्यासाठी हे फार मोलाचे आहे. आणि फिरकी उलट करता येऊ लागल्याने आट्यांनी जोडलेल्या सळया यंत्राच्याच जोराने सोडविता येऊ लागल्या. कामगाराच्या मनगटाला बसणारा हिसका आता यंत्राच्या मार्गदर्शक सांगाड्याने घेतला, हा लाभ वेगळाच.

पुढे १९७० च्या दशकात आघातही तेलाच्या दाबावर चालविणारी यंत्रे बाजारात आली. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे तेलावरील मोटरला किती पीळ द्यावा लागतो आहे हे तिच्या नळीतील दाबावरून थेट कळते. पाते भेगेत अडकू लागले की दाब चढतो. आधुनिक यंत्रे तो चढताच पुढे रेटणारा जोर आपोआप कमी करतात, प्रसंगी सळई मागे ओढून घेतात. १९९० ते १९९८ या काळात बांधल्या गेलेल्या कोकण रेल्वेच्या बोगद्यांसाठी स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक यंत्रे आणण्यात आली होती. सह्याद्रीचा तो कातळ आणि सोलापूरचा कातळ यांचे कूळ एकच आहे.

बोअरच्या गाडीवरील फिरकी

आपल्या जिल्ह्यात आज जे बोअर घेतले जातात त्यांतील यंत्र थोडे निराळे असते. त्यात हातोडा वर नसून सळयांच्या टोकाला, भोकाच्या तळाशी असतो. ही डीटीएच पद्धत १९५० च्या दशकात प्रचारात आली. भोक कितीही खोल गेले तरी आघात सळयांमधून क्षीण होत जात नाही, हा तिचा मोठा गुण होय. फिरकीची मोटर मात्र वर, मनोऱ्यावर असते व ती साखळीने खालीवर सरकते. तिच्या मधूनच दाबलेली हवा सळयांत उतरते. मोटर सळया फिरविते, सळया हातोड्याला आणि हातोड्याच्या तोंडाशी असलेला चक पात्याला फिरवितो. म्हणजे येथे मोटर आणि चक यांच्यामध्ये दोनशे-तीनशे फूट लांबीच्या सळया आहेत, परंतु तत्त्व तेच. चकमधील सरळ खाचांत पाते पुढेमागे मोकळे, फिरण्यात बांधलेले.

या रचनेत एक धोका लपलेला आहे. चक हातोड्याच्या नळीवर उजव्या आट्यांनी बसविलेला असतो. सुलट फिरकीत तो घट्ट होत जातो. भोकात अडकलेला हातोडा सोडविण्यासाठी घाईने उलट फिरकी दिली तर चक सुटून पात्यासह तळाशी राहू शकतो. तसे झाले म्हणजे भोक, पाते आणि दिवसाची मजुरी तिन्ही गेली. म्हणून जाणते चालक फिरकी आधी सुरू करतात व हवा नंतर सोडतात; थांबताना हातोडा तळापासून उचलून हवा बंद करतात व फिरकी सर्वांत शेवटी थांबवितात.

फिरकीचा वेग किती असावा यासाठी एक साधा हिशेब करता येतो. साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटर व्यासाच्या पात्याचा परीघ सुमारे ५१८ मिलिमीटर असतो. हातोड्याचे मिनिटाला १५०० आघात धरले व पाते मिनिटाला २० फेरे फिरले, तर एका फेऱ्यात ७५ आघात होतात आणि कडेचे प्रत्येक बटण दोन आघातांमध्ये सुमारे ७ मिलिमीटर पुढे सरकते. पात्याच्या तोंडावरील टंगस्टन कार्बाइडचे बटण साधारण १४ मिलिमीटरचे असेल तर हे अंतर त्याच्या निम्मे झाले, म्हणजे योग्य. फेरे ४० केले तर अंतर १४ मिलिमीटर होते. कडेची बटणे खडक फोडण्याऐवजी त्यावर घासू लागतात आणि सपाट होतात. फेरे १० केले तर ते साडेतीनच मिलिमीटर राहते. आधीच फुटलेल्या दगडाचे पीठ पुन्हा कुटले जाते आणि फिरकी हिसक्याहिसक्याने होऊ लागते. या कामासाठी २००० न्यूटन-मीटर पीळ लागतो असे मानले, तर २० फेऱ्यांना लागणारी शक्ती जेमतेम ४.२ किलोवॅट येते. कॉम्प्रेसरच्या इंजिनाची शक्ती याच्या कित्येक पट असते. इतक्या लहान मोटरवर एवढ्या मोठ्या यंत्राचे यश अवलंबून आहे.

सोलापूरचा कातळ आणि फुटाचा हिशेब

वरील हिशेब एकजिनसी दगडासाठी आहे. आपला कातळ तसा नाही. घट्ट काळ्या बेसाल्टच्या थराखाली सच्छिद्र थर येतो, त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट किंवा गारगोटी भरलेली असते, दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीसारखा थर लागतो आणि मधूनच भेगाळलेला, कुजलेला दगड येतो. घट्ट बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसल्याने तो ग्रॅनाइटइतका घासणारा नसतो. तेथे फिरकी थोडी वाढविली तरी बटणे सहसा बिघडत नाहीत. तांबडा थर ओला झाला की चिकटतो, हवेची वाट बुजवितो आणि सळयांभोवती लगदा साचतो. येथे पुढे रेटणे कमी करून फिरकी चालू ठेवावी व भोक हवेने वरचेवर स्वच्छ करावे लागते. भेगाळलेल्या थरात पाते एका बाजूने पोकळीत उतरते आणि पीळ एकदम वाढतो. चालकाने दाबदर्शकाकडे पाहून त्याच क्षणी रेटा कमी केला पाहिजे. पाणी बहुधा याच भेगाळ थरात लागत असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या क्षणाचे महत्त्व कळेल.

म्हणजेच पहार धरणाऱ्याच्या मनगटाचे काम आता चालकाच्या हातातील दोन दांड्यांकडे आले आहे, एक फिरकीचा व दुसरा रेट्याचा. परंतु मनगटाचा मालक आणि चालक यांच्या परिस्थितीत फरक आहे. आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच तमिळनाडूतील तिरुचेंगोड परिसरातील असतात. त्या दूरवरून येतात, हंगाम थोडा असतो आणि मजुरी फुटावर असते. फूट लवकर पडणे हेच चालकाच्या व मालकाच्या हिताचे. रेटा वाढविला की फूट लवकर पडतात. पण त्या रेट्याने सळया किंचित वाकतात आणि भोक तिरके जाऊ लागते. हे तिरकेपण वरून दिसत नाही. बिलात ते येत नाही. शेतकरी फूट मोजतो, भोकाचा सरळपणा मोजत नाही, आणि मोजण्याचे साधनही त्याच्यापाशी नसते. वेग आणि रेटा निवडण्याचे स्वातंत्र्य यंत्राने दिले. त्याची किंमत मात्र ज्याने निवड केली नाही त्याला मोजावी लागते. यात चालकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न गौण आहे, कराराच्या रीतीचा प्रश्न मुख्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सरळपणाचे महत्त्व सोलापूरला नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात, ज्या वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, पिण्याच्या पाण्यासाठी अरुंद बोअर घेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. भोके काही तासांत पडू लागली, पण त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप गावाच्या वापरापुढे टिकत नव्हते. त्या काळी टिकाऊ ठरलेल्या पंपांत ‘सोलापूर पंप’ अग्रेसर होता आणि त्याच्याच कल्पनेवर पुढे युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप १९७० च्या दशकात विकसित झाला. या पंपाचा दांडा नळीत खालीवर सरकतो. भोक वाकडे असेल तर नळी वाकते, दांडा तिच्या अंगाला घासतो आणि उत्तम पंपही लवकर झिजतो.

आज हातपंपाची जागा अनेक ठिकाणी पाण्यात बुडणाऱ्या विद्युत पंपाने घेतली आहे. तो लांबट व ताठ असतो. वाकलेल्या भोकात तो मध्येच अडकतो किंवा बाजूला टेकून राहतो. तसे झाले तर शेतकऱ्यास पुन्हा गाडी बोलवावी लागते. मग तेच भोक जरा मोठ्या पात्याने, कमी रेट्याने आणि सावकाश फिरकीने पुन्हा उतरवून घेतले जाते. या दुसऱ्या खेपेची मजुरीही फुटावरच असते.